संशोधनासाठी सरकारी अनुदान : उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्याने अर्ज करावा का?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. वडिलांनी ती सुरू केली आणि आता मी व धाकटा भाऊ सांभाळतो. पंपांची आवरणे आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग असे बिडाचे कास्टिंग आम्ही करतो. ज्या अडचणीमुळे हा धागा काढतो आहे, ती मोल्डिंगच्या वाळूची आहे. वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी मुलर या मळण्याच्या यंत्रात मळून ती तयार होते, आणि पाण्याचे प्रमाण साधारण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास राहावे लागते. पाणी कमी पडले तर साच्याची कड ढासळते. जास्त झाले तर वितळलेले लोखंड पडताच वाफ होते आणि कास्टिंगच्या पोटात ब्लो होल राहते. ते बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाईक लेथवर पृष्ठभाग काढतो तेव्हा छिद्र उघडे पडते, आणि तोवर त्या मालावर मशीनिंगचा खर्चही झालेला असतो.

आमच्याकडे ही पारख एका जुन्या कारागिरांच्या हातात आहे. त्यांना सगळे मामा म्हणतात. ते मुलरमधून मूठभर वाळू काढून आवळतात, मूठ उघडून बोटांचे ठसे नीट उठले आहेत का ते पाहतात आणि मग तो गोळा मधोमध मोडतात. कडा स्वच्छ तुटली तर वाळू साच्याला जाते. मामांचा अंदाज क्वचितच चुकतो, परंतु ते आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्यामागे शिकणारे कोणी नाही.

भावाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. त्याने मुलरमध्ये बसवण्यासाठी ओलावा मोजणारा एक प्रोब तयार केला. सकाळच्या थंड वाळूत तो बरोबर आकडा दाखवतो, पण दुपारी साचे फोडून परत आलेली गरम वाळू मुलरमध्ये पडली की आकडा भरकटतो. बेंटोनाइटचे पोते बदलले तरी फरक पडतो. आजवर घरचे अडीच लाख रुपये घातले आहेत. पुढच्या चाचण्यांसाठी सरकारी संशोधन अनुदानाचा विचार करतो आहोत. हे पैसे आमच्यासारख्यांसाठी असतात का? कारखाना वडिलांच्या नावाने मालकीचा आहे, तर त्याच नावाने अर्ज चालेल का? आणि बरीचशी गिऱ्हाइके कोल्हापूर-इचलकरंजीकडची असल्यामुळे नोंदणी इकडे करावी की तिकडे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीकर

माझा सल्ला स्पष्ट आहे : या वाटेला जाऊ नका, आणि गेलात तर त्या पैशावर धंद्याचे एकही गणित बसवू नका.

संकेश्वरी मिरची वाळवण्यासाठी मी एक ड्रायर तयार केला होता. अंगणात पसरलेली मिरची वाळायला अनेक दिवस लागतात आणि मध्येच आभाळ आले की तिच्यावर बुरशी धरते, म्हणून हा खटाटोप. एका योजनेतून अनुदान मंजूर झाले, पत्र आले, पेढेही वाटले. पहिला हप्ता खात्यात यायला सात महिने लागले आणि तोवर मिरचीचा हंगाम उलटून गेला होता. चाचणी घ्यायची तर मिरची हवी, म्हणून पुढच्या हंगामापर्यंत थांबलो, तेव्हा ठरलेल्या मुदतीत टप्पा पूर्ण झाला नाही या कारणाने दुसरा हप्ता अडकला. मधल्या काळात फॅब्रिकेशनवाल्याचे पैसे भागवण्यासाठी मी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जातून, रक्कम उचलली आणि तिचे व्याज आजही फेडतो आहे.

मलप्रभाकाठी

निपाणीकर दादांचा अनुभव खरा आहे आणि मी तो अनेकांकडून ऐकलेला आहे. मी काही वर्षे एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेत, अर्जांची छाननी करीत असे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दिसलेले थोडे लिहिते.

सर्वात आधी हे ध्यानात घ्यावे की सगळ्या योजनांचा पैसा एका जातीचा नसतो. कल्पनेचा पहिला नमुना तयार करण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास ही योजना आहे. तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि ती हातात धरता येईल अशा वस्तूसाठी आहे, नुसत्या ॲपसाठी नाही. २०२१ साली ९४५ कोटींच्या तरतुदीने आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत नमुना व चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे कंपनीच्या भागांत बदलता येणारे) कर्जरोखे अशी रचना केली होती. हा पैसा थेट दिल्लीहून येत नाही, इन्क्युबेटरमार्फत येतो, म्हणून ज्याच्याकडे जाल त्याच्याकडे सध्या निधी शिल्लक आहे का हे पहिल्याच फोनवर विचारावे. कर्नाटक सरकारची स्टार्टअपसाठीची एलिव्हेट स्पर्धा २०१७ पासून चालू आहे, तिच्यात ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, मात्र कंपनी कर्नाटकात नोंदलेली असावी लागते. याउलट तंत्रज्ञान विकास मंडळ, जे १९९५ च्या कायद्याने स्थापन झाले, ते तयार झालेले तंत्र कारखान्यात उतरवण्यासाठी प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळव्याजाने कर्ज देते. तुमचा प्रोब अजून दुपारी भरकटतो आहे, तेव्हा त्या मंडळाकडे आज जाण्यात अर्थ नाही.

अर्ज वाचताना आम्ही एक गोष्ट शोधत असू : अर्जदाराला अजून काय माहीत नाही. नव्वद टक्के अर्जांत यंत्राची स्तुती असे, बाजारपेठेचे मोठमोठे आकडे असत, पण कोणती शंका सोडवण्यासाठी पैसा हवा आहे याचा पत्ताच नसे. तुमच्या धाग्यातले ते एक वाक्य, की गरम वाळूत आकडा भरकटतो आणि बेंटोनाइट बदलले तरी फरक पडतो, हाच तुमचा खरा अर्ज आहे. हा प्रश्न सुटेल की नाही याची कोणीच हमी देऊ शकत नाही, म्हणून बँक त्यावर कर्ज देणार नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तिथे सार्वजनिक पैसा घालणे रास्त ठरते. निपाणीकर दादांच्या बाबतीत मला वाटते की संशोधनाच्या पैशावर हंगामाचे ओझे पडले. अर्जातच मिरचीच्या तोडणीचे महिने लिहून टप्पे त्यांच्याशी जुळवले असते तर दुसरा हप्ता कदाचित अडकला नसता.

निपाणीकर

ताई, टप्पे जुळवायला कोणी सुचवले असते तर मी ते आनंदाने केले असते. अर्ज भरताना वेळापत्रकाच्या रकान्यात तिमाही एक ते चार एवढेच छापलेले होते, आणि शेतीचा हंगाम त्या रकान्यांना विचारून येत नाही. आपले म्हणणे मात्र पटते.

हिशेबनीस

मी टिळकवाडीत सनदी लेखापाल आहे, त्यामुळे कारखान्याच्या नोंदणीबद्दल लिहितो, कारण तिथे झालेली चूक पुढे दुरुस्त करणे फार जड जाते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, मालकीच्या कारखान्यालाही मिळते. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता मात्र प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते, एकट्याच्या मालकीच्या पेढीला मिळत नाही. त्यात आणखी एक अट आहे जी फाउंड्रीवाल्या कुटुंबांना हमखास नडते : चालू व्यवसायाचे तुकडे पाडून किंवा त्याची फेररचना करून काढलेली संस्था स्टार्टअप मानली जात नाही. म्हणजे वडिलांच्या फाउंड्रीचेच नाव बदलून उपयोग नाही. उपकरण तयार करणारी कंपनी खरोखरीच नवी हवी, तिचे भांडवल, हिशेब व बँक खाते वेगळे हवे, आणि फाउंड्रीने तिला चाचणीसाठी जागा व वाळू दिली तर त्याचा साधा करारही कागदावर असावा. शिवाय सीड फंड योजनेत अर्ज करताना कंपनी २ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणून कंपनी आधीच नोंदवून ठेवून मग वर्षभर विचार करीत बसू नये.

दुसरी बाब कराची. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारी अनुदानाचा समावेश उत्पन्नाच्या व्याख्येत झाला. यंत्रसामग्रीसाठी मिळालेली रक्कम त्या यंत्राच्या किमतीतून वजा होते, परंतु इतर खर्चासाठी मिळालेली रक्कम उत्पन्नात धरावी लागू शकते. मंजुरीच्या पत्रात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आहे, हे पहिल्याच दिवशी आपल्या लेखापालाला दाखवा.

तिसरे, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. केंद्राच्या अनुदानावर सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, त्यावर साचलेले व्याजही सरकारचे असते, आणि पहिल्या हप्त्याचा हिशेब पोचल्याखेरीज दुसरा निघत नाही. माझ्या एका अशिलाने सेन्सर रोखीने घेतले, बिल दुसऱ्याच्या नावाने झाले, आणि तेवढ्या एका बिलावर चार महिने पत्रव्यवहार चालला.

कडोलीकर

अतिशय उपयुक्त चर्चा. वाचनखूण साठवली आहे. शेतमालाच्या तपासणीचे किट तयार करायचे असेल तर यांपैकी कोणती योजना लागू पडते, हे कोणी सांगू शकेल का?

घटप्रभेची मुलगी

कडोलीकर, तपासणी-किटसाठी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट पाहा. १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान असते आणि अर्ज सहसा जानेवारीत व जुलैमध्ये मागवतात. त्यांच्या भागीदार संस्थांपैकी बंगळुरूचे सी-कॅम्प आणि पुण्याचे व्हेंचर सेंटर आपल्याला सोयीची आहेत. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठही जवळच आहे, तिथल्या जाणकारांकडे आधी आपली कल्पना तपासून घ्यावी.

माझा स्वतःचा विषय गुळाचा आहे. आमच्या भागातल्या काही गुऱ्हाळांत रस उकळताना हायड्रोस ही रंग उजळणारी रासायनिक पावडर टाकतात, त्याने गूळ पिवळाधमक दिसतो. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढलेला गूळ तांबूस राहतो, आणि बाजारात त्यालाच भाव कमी मिळतो. एका थेंबात हायड्रोसचा अंश दाखवणारी पट्टी तयार करावी असे मी ठरवले. पहिला अर्ज नाकारला गेला. समितीतल्या एका तज्ज्ञ बाईंनी फक्त एवढे विचारले, "ही पट्टी विकत कोण घेईल?" मी म्हणाले, गुऱ्हाळवाले. त्या म्हणाल्या, "ज्याला पिवळ्या रंगाचे जास्त पैसे मिळतात, तो स्वतःचा दोष दाखवणारी पट्टी का घेईल?" मला त्या वेळी फार वाईट वाटले, परंतु त्या रात्री घरी येताना रेल्वेत बसून मी तोच प्रश्न वहीत पुन्हा पुन्हा लिहिला. नंतर सेंद्रिय गूळ पॅक करून परराज्यांत पाठवणाऱ्यांशी बोलले, तेव्हा कळले की त्यांना प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत पाठवणे परवडत नाही आणि त्यांना अशी पट्टी खरोखर हवी आहे. दुसऱ्या अर्जात रसायनशास्त्र तेच होते, गिऱ्हाईक बदलले होते, आणि तो मंजूर झाला.

अनुदान मिळाले नसते तरी त्या एका प्रश्नासाठी मी पुन्हा अर्ज केला असता.

सांबऱ्याचा निवृत्त

मी सैन्यातून निवृत्त झालो आहे आणि आमच्या भागातल्या काही मुलांना संरक्षण विभागाच्या आयडेक्स योजनेबद्दल सांगत असतो. ती एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात सैन्य स्वतः आपली अडचण जाहीर करते, आणि निवडलेल्या कंपनीला नमुन्यासाठी दीड कोटींपर्यंत अनुदान मिळू शकते, मात्र तेवढाच वाटा कंपनीनेही उचलावा लागतो. वाळूच्या प्रोबला ही योजना लागू नाही, हे मला कळते. परंतु हत्तरगीजवळच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग तयार होत असताना आपल्या तालुक्यांतली मुले या स्पर्धांची नावेही ऐकत नाहीत, याचे वाईट वाटते, म्हणून लिहिले.

खानापूरची लेक

मी सध्या अमेरिकेत एका छोट्या सेन्सर कंपनीत काम करते आणि छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी असलेल्या इथल्या एसबीआयआर या सरकारी कार्यक्रमातून आमच्या कंपनीला दोनदा पैसा मिळाला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच योजनांच्या मागे हाच नमुना असल्यामुळे त्याची घडण सांगते.

इथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातले रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये हा प्रयोग सुरू केला, आणि १९८२ च्या कायद्याने तो सर्व मोठ्या संशोधन खात्यांना बंधनकारक झाला. ज्या खात्याचे बाहेर द्यावयाच्या संशोधनाचे अंदाजपत्रक १० कोटी डॉलरपेक्षा मोठे आहे, त्याने त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखावा, असे ते बंधन आहे. हा वाटा वाढत २०१७ पर्यंत ३.२ टक्क्यांवर आला. पहिल्या टप्प्यात थोड्या पैशात कल्पना शक्य आहे का ते पाहतात, दुसऱ्यात मोठ्या रकमेने नमुना करतात. तिसऱ्या टप्प्याला या कार्यक्रमाचा पैसा मुळीच नसतो. तिथे सरकारी खाते किंवा खासगी कंपनी ती वस्तू विकत घेते. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये जवळजवळ याच नावाने एसबीआयआरआय सुरू केले, पण माझ्या मते आपण पहिले दोन टप्पे घेतले आणि तिसऱ्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. नमुना होतो, छायाचित्रे निघतात, आणि पहिली खरेदी करणारा कोणी नसतो.

मलप्रभाकाठी

ताई, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१२ चे सार्वजनिक खरेदी धोरण आहे, त्यात केंद्रीय खाती व सरकारी कंपन्यांनी खरेदीचा किमान २५ टक्के भाग या उद्योगांकडून घ्यावा असे ठरलेले आहे, आणि स्टार्टअपना पूर्वानुभव व उलाढालीच्या अटींतून सूटही देता येते. तरतूद आहे. ती वापरण्याइतके धैर्य खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला असते का, हा प्रश्न मात्र मलाही पडतो, कारण नवी वस्तू बिघडली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते.

निपाणीकर

आणि खरेदी झाली तरी पैसे कधी येतात, हे कोणी बोलत नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे भागवले पाहिजे आणि न दिल्यास तक्रारीची सोयही आहे. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करणारा छोटा उद्योजक मी अजून पाहिलेला नाही. यावर अनुदान देणाऱ्यांनीही विचार करावा असे मला मनापासून वाटते.

शहापूरचा माग

मी यंत्रमागवाला आहे. धागा तुटताच माग थांबवणारे एक जोडयंत्र मी केले होते आणि त्याच्या अर्जात जे घडले ते सांगतो, कारण आपल्या भागात हे अनेकांचे होते. मागावरचे सगळे बोलणे मराठीत आणि कन्नडमध्ये, जिल्हा कचेरीतले कागद कन्नडमध्ये, आणि अर्ज व सादरीकरण इंग्रजीत. मुलाखतीत मी पाठ केलेले इंग्रजी बोललो. मला ज्यातले सर्वात जास्त कळते ते, म्हणजे धागा तुटण्याआधी मागाचा आवाज कसा बदलतो ते, मला सांगताच आले नाही.

दुसऱ्या वेळी मी आधी सगळे मराठीत बोलून फोनवर ध्वनिमुद्रित केले, पुतणीने त्याचे इंग्रजी केले, आणि मुलाखतीत मी परवानगी मागून मागाचा आवाजच ऐकवला. समितीतले एक गृहस्थ पुढे सरकून बसले. उद्यमबागकर, तुम्हीही मामांना सोबत न्या. त्यांनी एकदा मूठ आवळून दाखवली तर दहा पाने लिहिण्याचे श्रम वाचतील.

चंदगडी

नोंदणीच्या प्रश्नावर पलीकडच्या बाजूने लिहितो. महाराष्ट्राचा स्टार्टअप सप्ताह चांगला आहे, निवडलेल्यांना सरकारी खात्यात चाचणी घेण्यासाठी कार्यादेश देण्याची त्याची पद्धत मला खानापूरच्या लेकीने सांगितलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या जवळची वाटते. तरीही माझे मत असे आहे की भट्टी जिथे, नोंदणी तिथे. भाऊ रोज उद्यमबागेत वाळू मोजणार आणि कागदावर पत्ता कोल्हापूरचा, हे पाहणीला आलेल्या पहिल्याच अधिकाऱ्याला खटकेल. केंद्राच्या योजनांना राज्याचे बंधन नाही, एलिव्हेटला कर्नाटकचीच नोंदणी लागते, हुबळीला देशपांडे स्टार्टअप्ससारखे मोठे इन्क्युबेटर दोन तासांवर आहे, आणि इचलकरंजीचा गिऱ्हाईक उपकरण घेताना नोंदणीचे राज्य विचारणार नाही.

उद्यमबागकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत आम्ही काय केले ते कळवतो.

हिशेबनीस साहेबांच्या सांगण्यावरून वडिलांच्या फाउंड्रीला हात न लावता भाऊ व वहिनी यांच्या नावे नवी कंपनी बेळगावातच नोंदवायला दिली आहे. मलप्रभाताईंनी लिहिल्याप्रमाणे पहिला अर्ज निधी-प्रयाससाठी करायचा आणि त्यात एकच प्रश्न मांडायचा असे ठरवले. कॅश क्रेडिटला हात लावायचा नाही, हे निपाणीकरांचे ऐकून वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

शहापूरच्या दादांची सूचना आम्ही थोडी वेगळ्या रीतीने वापरली. आता प्रत्येक मळणीला प्रोबचा आकडा, वाळूचे तापमान आणि मामांचा निर्णय अशा तीन नोंदी शेजारीशेजारी होतात. निर्णयाच्या रकान्यात मामा तीनच शब्द सांगतात : कोरडी, बरी, ओली. अकरा दिवसांच्या नोंदी झाल्या आहेत. सकाळी प्रोब आणि मामा जवळजवळ नेहमी जुळतात. दुपारी तीननंतर जुळत नाहीत, आणि वाळू जितकी गरम तितका फरक मोठा, असे दिसू लागले आहे. भावाने तापमानाची दुरुस्ती लावून पाहिली, तर निम्म्याहून अधिक फरक मिटला. उरलेला बेंटोनाइटमुळे असावा, पण आमच्याकडे वाळू एकाच पुरवठादाराची असल्यामुळे ते सिद्ध करता येत नाही. येथे दुसरे कोणी फाउंड्रीवाले असतील तर त्यांच्याकडची तयार वाळू दोन-तीन पोती मिळू शकेल का? वाहतुकीचा खर्च आम्ही करू.

होनग्याचा ओतारी

धागा पहिल्यापासून वाचतो आहे. आमच्याकडे बेंटोनाइट दुसऱ्या ठिकाणचे येते आणि कोळशाची पूडही आम्ही कमी घालतो, तेव्हा तुमच्या कामाला वाळू उपयोगी पडेल. परंतु पोत्यातून नेऊ नका, होनग्याहून उद्यमबागेत पोचेपर्यंत ती थंड होईल आणि पाणीही उडेल. उपकरणच घेऊन या. शनिवारी दुपारी अडीचला आमचे साचे फुटतात, त्यानंतर तासभर मुलर तुमच्यासाठी मोकळा ठेवतो. मामांनाही आणा, आमच्या वाळूवर त्यांची मूठ काय सांगते ते आम्हालाही पाहायचे आहे.